बाबांचा पांढरा शर्ट आणि चौकातली लॉन्ड्री

आमच्या घरात राजकारणावरून भांडणं होत नाहीत, शर्टांवरून होतात. एका बाजूला माझा नवरा. तो सावंगीला दवाखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करतो आणि आपले सगळे शर्ट चौकातल्या लॉन्ड्रीत टाकतो. दुसऱ्या बाजूला माझे बाबा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी जन्मात आपलं कापड बाहेर धुवायला दिलं नाही, की इस्त्रीला दिलं नाही. मधे मी. माझा पक्ष विचाराल तर चुरगळलेला कुर्ता मला मनापासून आवडतो. मी सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. वरून ॲप्रन चढवला की आत काय आहे ते बघायला तिथं कोणाला वेळ आहे?

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे वर्ध्याला राहायला आले. कपड्यांच्या पिशव्या आणि पुस्तकांचं खोकं ऑटोत मागे टाकलं होतं, पण इस्त्री मात्र मांडीवर होती. मी म्हटलं, "बाबा, घरी इस्त्री आहे ना." त्यांनी आमची इस्त्री उचलून पाहिली. ती गुलाबी, हलकीफुलकी, वाफेची, लग्नात कोणीतरी दिलेली. "हे इस्त्री नोहे व, खेळनं आहे," म्हणाले आणि परत ठेवली. त्यांची स्वतःची म्हणजे जाड लोखंडी बुडाची, कापडी वायरची. ती उचलायची तर आधी पदर खोचावा लागतो. नोकरी लागल्यावर त्यांनी घेतलेली पहिली वस्तू तीच. आईशी लग्न त्यानंतर झालं, आणि हा क्रम आईनं त्यांना आयुष्यभर ऐकवला.

पहिल्याच रविवारी बाबांनी आमचं जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. त्यावर घोंगडं, घोंगड्यावर जुनी सुती चादर, बाजूला पाण्याचा वाडगा. पण हा शेवटचा अंक. खरं नाटक आदल्या दिवशी सुरू व्हायचं. साबुदाणा शिजवून त्याची खळ करायची, ती जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची, पांढरा शर्ट असेल तर शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ. वाळत घालायचं ते सावलीत, आणि पूर्ण वाळू द्यायचं नाही. ओलसर असतानाच शर्टाची गुंडाळी करून टॉवेलात ठेवायची. मग इस्त्री. आधी कॉलर, तीही टोकांकडून मधे. मग खांदे, कफ, बाह्या आणि सगळ्यात शेवटी छाती. कोणी हा क्रम मोडला तर बाबांच्या चेहऱ्यावर चौथीच्या पोरानं दोनचा पाढा चुकवल्याचं दुःख दिसायचं.

याउलट नवऱ्याचे शर्ट. ते लॉन्ड्रीतून यायचे कडक आणि चकचकीत, चपट्या घडीत. कॉलरला कागदाची चिठ्ठी, ती लावायला स्टेपलरची पिन. ही पिन काढायची राहिली की साहेबासमोर मान वाकडी करून बसायची वेळ यायची. दर काही धुण्यांनंतर एखादं बटण अर्धं व्हायचं, आणि लॉन्ड्रीवाला त्या जागी आपल्या पदरचं वेगळ्याच रंगाचं बटण लावून द्यायचा.

"जवाईबापू," बाबा चष्मा वर करून विचारायचे, "मानेवर चिठ्ठी लागली आहे. पार्सल कोठी चाललं?"

"मामाजी, तुमचा अख्खा रविवार शर्टात जाते," नवरा म्हणायचा. "तेवढ्या वेळात मी झोप काढतो, जेवतो, अन् अजून एक झोप काढतो."

"ते दिसते आम्हाले," असं म्हणून बाबा नवऱ्याच्या पोटाकडे बघायचे. दोघांनाही या भांडणात मजा यायची. सासरा-जावयाला बोलायला काहीतरी विषय लागतो, तो त्यांना आयता सापडला होता.

थंडी सुरू झाली आणि अंगणातल्या पेरूला पेरू लागले. स्टुलावर चढू नका असं मी बाबांना सांगून ठेवलं होतं, म्हणून ते मी ड्यूटीवर गेल्यावर चढले. पेरू काही हाती आला नाही. उजवं मनगट मोडलं आणि प्लास्टर चढलं. इस्त्री कपाटात गेली. त्यानंतर बाबांनी सकाळचं फिरणं बंद केलं. दुखत होतं म्हणून नाही. मी मशीनमध्ये धुऊन, झटकून वाळवलेला शर्ट घालून ते फाटकाबाहेर पडायला तयार नव्हते. अंगणात मात्र यायचे, ते वरून स्वेटर घालून, वरपर्यंत बटणं लावून. उन्हातही.

अशात त्यांच्या गावाहून फोन आला. आमचं गाव केळझरच्या पुढे, सेलू तालुक्यातलं. बाबांची नोकरी सगळी दुसरीकडे झाली, पण शाळा शिकले ते तिथेच. फोन सरपंचबाईंचा होता. यंदा सव्वीस जानेवारीला शाळेचा झेंडा गुरुजींच्या हातून फडकवायचा असं सगळ्यांनी ठरवलंय, म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात होते. घरात बाबा वऱ्हाडी बोलतात, पण फोनवर एकदम मुख्याध्यापकांचा आवाज लागला, "अवश्य येईन. माझं भाग्य समजतो." फोन ठेवून ते आत आले, पाणी प्यायले आणि रिकामा पेला हातात धरूनच उभे राहिले. "आपल्या शाळेत," ते म्हणाले. मग परत एकदा, "आपल्या शाळेत बोलावलं व." मला इतका आनंद झाला की कढईतली भाजी खाली लागली आणि मला कळलंही नाही.

जानेवारीत प्लास्टर निघालं. हात मात्र आखडून बसला होता. डॉक्टरांनी एक मऊ चेंडू दाबायला दिला आणि सांगितलं की महिने लागतील, घाई करू नका. बाबांनी त्याच दिवशी कपाटातून इस्त्री काढली. उजव्या हातानं उचलेना म्हणून दोन्ही हातांनी उचलली, टेबलापर्यंत नेली, आणि तिथं ती हातातून सुटली. टेबलाच्या सनमायकाला चीर गेली. ती चीर अजून आहे. बाबांनी वायर नीट गुंडाळली, इस्त्री जागेवर ठेवली आणि संध्याकाळी चहाच्या वेळी मला म्हणाले, "सरपंचबाईले फोन करून सांगजो. तब्येत बरी नाई म्हन."

"एका शर्टापायी?"

"एका शर्टापायीच." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या गावात मी चुरगळलेला शर्ट घालून झेंड्याखाली उभा नाई राहनार. नाई म्हंजे नाई."

मी फोन केला नाही. माझा स्वभाव असा की कोणी नाही म्हटलं की माझ्या अंगात बळ येतं. मी म्हटलं, शर्ट मीच करते. त्यात काय एवढं? मी लॅबमध्ये थेंब मोजून रसायनं मिसळते, मला साबुदाण्याची खळ जमणार नाही? नाही जमली. खळीत गाठी राहिल्या, त्या शर्टावर वाळल्या, आणि शर्ट दोरीवरून काढला तर तो हात पसरून आपोआप उभा राहिला. नवरा त्याच्याशी हात मिळवायला गेला. मी शर्ट परत धुतला. दुसऱ्या खेपेला खळ पातळ झाली, पण इस्त्रीच्या बुडाला ती चिकटली, करपली आणि नेमकी छातीवर उतरली. शिवाय बाहीवर एक घडी पडली होती, ती मोडायला गेले तर शेजारी दुसरी पडली. बाबा शेजारी खुर्चीवर बसून चेंडू दाबत होते. ते एकदाही रागावले नाहीत. फक्त प्रत्येक चुकीला चेंडू जरा जोरात दाबायचे.

मग नवरा पुढे आला. "सरक," म्हणाला, "यात फक्त डोकं लागते." त्यानं बाबांचा दुसरा पांढरा शर्ट घेतला, यूट्यूब लावलं आणि व्हिडिओतल्या माणसासारखीच मान हलवत इस्त्री फिरवली. शर्ट झाला छान, फक्त त्याच्या पाठीला मधोमध एक चुणी पडली, ती मुद्दाम शिवून घेतल्यासारखी. व्हिडिओ संपला, चुणी राहिली.

"मामाजी, सोडा हट्ट," शेवटी तो म्हणाला. "चौकात देऊन टाकू. उद्या संध्याकाळी कडक करून देते तो."

"नाई."

"काऊन पन?"

"बाहेर द्याचं नाई."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बाहेर द्यायचं नाही. कारणं त्यांच्याकडे भरपूर होती. ते लोक ब्लीच मारतात. बटणं फोडतात. कॉलर ताणतात. दुसऱ्याचा रंग लागतो. आई म्हणायची, माणूस चिक्कू आहे, सरळ सांगत नाही. मीही तेच धरून चालले होते. पण आता झेंडावंदनाला जेमतेम आठवडा उरलेला, गावात सगळ्यांना सांगून झालेलं, आणि हे गृहस्थ बटणाच्या भीतीनं घरात बसणार? माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी मला सुटी होती. नवरा घरी नव्हता. बाबा दुपारच्या उन्हात अंगणात बसले होते, स्वेटर घालूनच. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, मले आज खरं कारन पाह्यजे. बटनाचं अन् ब्लीचचं सांगू नका. तुम्हाले त्या झेंड्यासाठी जाचं आहे, हे मले माहीत आहे. मंग काऊन अडून बसले?"

ते चेंडू दाबत राहिले. मला वाटलं, उठून आत जातील. पण ते हसले आणि म्हणाले, "बस."

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा बाबा अगदी लहान होते. गावाच्या टोकाला आमची वस्ती. हे सगळं मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते बाबांनी त्या दुपारी सांगितलं, आणि तेही शेजाऱ्याची गोष्ट सांगावी तसं, हसत हसत.

"सायब येनार होते शाळेत तपासनीले. गुरुजीनं मले निवडलं होतं, पुढं उभं राहून पाढे म्हनन्यासाठी. सदरा माह्याजवळ एकच, पन पांढरा. मायनं नदीवर धुतला. पन मले पाह्यजे होता कडक. बाकीच्या पोराइचा राहे तसा. गावाचे कपडे वरठी धुवे. वरठी म्हंजे धोबी आपला. मंग मी मायले न सांगता सदरा घेतला अन् गेलो वरठ्याच्या घरी."

"मंग?"

"तो भट्टीपाशी बसून होता. मी दूरच उभा. म्हनलं, काका, एवढा एक सदरा. त्यानं सदऱ्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. हात काही पुढं केला नाई. म्हने, बाबू, तुह्या सदरा घेतला तं बाकीचं गाव मले कपडे देनार नाई. माह्ये लेकरं काय खातीन?" बाबांनी चेंडू दाबला. "वाईट नोहता तो. भेऊन राह्यलता बिचारा. त्याच्या मागं ढीग होता कपड्याइचा, एवढा मोठा. सगळ्या गावाचे होते त्यात. आपले सोडून."

मी त्यांच्या जवळ सरकले.

"घरी आलो तं मायनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. काही विचारलं नाई. चुलीतले इंगळ काढले, पितळेच्या तांब्यात भरले, अन् त्या तांब्यानं सदरा दाबला. आता तांब्याचं बूड गोल. कॉलर काही नीट झाली नाई. पन बाकी असा कडक केला तिनं का सायबानं माह्या पाठीवर हात ठेवला." ते पुन्हा हसले. "त्याच्यानंतर मी कोनाले विचारलंच नाई. नोकरी लागली, आपली इस्त्री घेतली, आपल्या हातानं केली. कोनाच्या दारात जाचं कामच नाई."

मला राग आला. असा राग की कुठे काढावा ते कळेना. वरठी आता नव्हता, आणि असता तरी बाबा त्याचीच बाजू घेत होते. गाव आता तसं नव्हतं. मग मी बाबांवरच काढला. "इतके वर्षं मले बटनाच्या गोष्टी सांगत होते? मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले कायले सांगू?" बाबांना खरंच नवल वाटलं. "तू शाळेत जाताना तुह्या फ्राक कडक राहे ना?"

राहायचा. शाळेतल्या सगळ्या मुलींत माझ्या फ्रॉकची घडी सगळ्यात सरळ असायची, आणि मला ती टोचायची म्हणून मी रडायचे. चुरगळलेल्या कपड्यांचं माझं प्रेम तिथूनच सुरू झालं असावं. मी उठून आत गेले, तोंडावर पाणी मारलं आणि ओट्यावर बसलेल्या मांजराला उगाचच हाकललं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याला सांगितलं. तो हातातली बॅग तशीच धरून ऐकत राहिला. त्यानं एकही विनोद केला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण असं फारसं होत नाही. जेवताना त्यानं बाबांच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली. बाबांनीही ती मुकाट्यानं खाल्ली.

आणि सकाळी मी उठून पाहते तर बाबा तयार. मफलर, स्वेटर, पायात बूट. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत मी करपवलेला पांढरा शर्ट.

"चाल," म्हणाले, "विचारून पाहू."

नवरा लगेच गाडीची किल्ली घेऊन आला. "मी येतो, मामाजी. तो माह्या ओळखीचा आहे."

"म्हनूनच तुम्ही येऊ नका," बाबा म्हणाले. "तुमच्या ओळखीवर त्यानं घेतला तं मले कसं समजन?"

आम्ही दोघं पायी निघालो. चौक काही लांब नाही, पण बाबा हळू चालत होते आणि पिशवी छातीशी धरून होते. रस्त्यात ओळखीचं कोणी नमस्कार करायचं, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे बाबा घाबरले आहेत. ज्यांनी हजारो पोरं शिकवली, ज्यांचा आवाज ऐकून शिक्षक चहाचा कप लपवायचे, ते बाबा चौकातल्या लॉन्ड्रीवाल्याला घाबरले होते. मला त्यांचा हात धरावासा वाटला. मी धरला नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं.

लॉन्ड्री नुकतीच उघडली होती. लॉन्ड्रीवाला फोन खांदा आणि कानाच्या मधे दाबून कोणाशी तरी हुज्जत घालत होता आणि हातानं पँटवर प्रेस मारत होता. दुकानाला एक पायरी आहे. बाबा पायरीच्या खाली थांबले. पायरीपासूनही जरा लांब, रस्त्यावरच. मी पुढे झाले नाही. विचारायचं होतं ते त्यांना.

लॉन्ड्रीवाल्यानं फोन ठेवला आणि पाहिलं. "काका, तिथं काऊन उभे? गाडीखाली येसान. वर या ना."

बाबा वर चढले. पिशवीतून शर्ट काढला, दोन्ही हातांवर घेतला. "हा शर्ट आहे माझा," फोनवरचा तो मुख्याध्यापकाचा आवाज लागला होता. "घ्याल का?"

लॉन्ड्रीवाला बाबांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. त्याला प्रश्नच कळला नव्हता. "काऊन नाई घेनार? दुकान कायच्यासाठी उघडलं मी?" त्यानं शर्ट ओढून घेतला, डाग पाहिला. "कोनी जाळला हा? घरी केला ना? लोकं ऐकतच नाई. निघन हा. खळीचा डाग आहे, कापड नाई जळलं." आणि त्यानं तो शर्ट मागे न बघता ढिगावर फेकला.

ढीग भिंतीला टेकून होता, कमरेइतका. त्यात सावंगी-सेवाग्राम दोन्हीकडच्या दवाखान्यांचे ॲप्रन होते, कोणाच्या चादरी, कोणाचं धोतर, एक खाकी वर्दी, शाळेचे शर्ट. बाबांचा शर्ट वर पडला, मग घसरून एका ॲप्रनच्या बाहीखाली गेला. बाबा बघत राहिले.

"धुसान कोनाच्या संग?" त्यांनी विचारलं. आता आवाज घरातला होता.

"पांढरे सगळे एकाच भट्टीत जातेत, काका. रंगाचं भेव नका बाळगू."

"सगळ्याइचे?"

"सगळ्याइचे. आता प्रत्येकासाठी वेगळी भट्टी लावून बसलो तं घरी कधी जाऊ मी?"

बाबा हसले. खूप हसले. लॉन्ड्रीवाल्याला वाटलं, आपण मोठा विनोद केला, म्हणून तोही हसला. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले आणि डोळे पुसले. परत येताना बाबा माझ्या पुढे चालत होते, आणि पाणीपुरीची गाडी अजून लागली नाही म्हणून त्यांनी तक्रार केली. सकाळी आठला.

शर्ट आला पंचवीसच्या संध्याकाळी. डाग गेला होता. बाकी सगळं जसं व्हायचं तसंच झालेलं. कॉलरला चिठ्ठी आणि पिन. डाव्या बाहीवर दुहेरी घडी. वरून तिसरं बटण नवीन, आणि ते पांढरं नव्हतं, पिवळट होतं. बाबांनी टेबलावर शर्ट पसरला, चष्मा लावला आणि पोराची वही तपासावी तसा तपासला. मी आणि नवरा श्वास रोखून उभे. बाबांनी पिन काढली, टोचू नये म्हणून कागदात गुंडाळून टाकली.

"बटन?" मी विचारलं.

"चालते," बाबा म्हणाले आणि शर्ट हँगरला लावला. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. या घरात तो इतकी वर्षं याच एका शब्दाची वाट पाहत होता.

सकाळी थंडी चांगली होती. तरी बाबांनी स्वेटर घातला नाही. गाडीत ते पुढच्या सीटवर बसले, पाठ न टेकता, सेलू आलं, केळझर आलं तरी तसेच. नवरा म्हणाला, "मामाजी, आरामात बसा," तर म्हणाले, "तुम्ही समोर पाहा."

शाळेच्या मैदानात चुना मारला होता, पोरं रांगेत उभी होती. सरपंचबाईंनी बाबांना खांबापाशी नेलं. दोरी ओढताना उजवा हात नीट मिटेना, म्हणून त्यांनी डावा लावला. गाठ सुटली, झेंडूच्या पाकळ्या खाली आल्या, काही त्यांच्या खांद्यावर राहिल्या. बाबांनी सलामी दिली. उन्हात तो शर्ट इतका पांढरा दिसत होता की घडी वगैरे मला काही दिसेना. मी फोटो काढायचे विसरले. नवऱ्यानं काढले, सगळे हललेले.

नंतर शाळेच्या व्हरांड्यात चहा आणि बुंदी होती. तिथं बाबांच्याच वयाचा एक म्हातारा काठी टेकत आला. वस्तीत बाबांच्या शेजारच्या घरात वाढलेला, बाबांबरोबर याच शाळेत शिकलेला. पुढे तो शेती करत गावातच राहिला. दोघांनी एकमेकांना जय भीम केला. मग त्यानं सरळ बाबांच्या बाहीला हात घातला आणि कापड चिमटीत धरून पाहिलं.

"तुह्या हात तं मोडला म्हने. मंग हा कोनी केला? पोरीनं?"

"पोरगी कायची करते," बाबा म्हणाले. "लॉन्ड्रीत देल्ला."

म्हाताऱ्यानं बाही सोडली नाही. त्याला सगळं माहीत असणार, वरठ्याचं आणि तांब्याचंही.

"घेतला त्यानं?"

"घेतला."

"सगळ्याइच्या संग धुतला?"

"सगळ्याइच्या संग. मी विचारून टाकला."

म्हाताऱ्यानं बुंदीचा कागद माझ्या हातात दिला आणि काठी टेकत फाटकातून बाहेर गेला. मला वाटलं, त्याला वाईट वाटलं असेल. आम्ही निघायच्या तयारीत होतो, नवऱ्यानं गाडी सुरू केली होती, तेव्हा तो परत येताना दिसला. घाईत होता, काठी बगलेत धरली होती. गाडीच्या काचेपाशी येऊन त्यानं एक प्लास्टिकची पिशवी आत बाबांच्या मांडीवर ठेवली. आत एक पांढरा शर्ट होता, घरी धुतलेला, स्वच्छ, नीट घडी केलेला.

"माह्या बी घेऊन जाय," तो म्हणाला.